परदेशी माल

पोस्टमन पार्सल हातातून सोडेना. वरच्या स्टिकरवर पेन टेकवून म्हणाला, "मॅडम, आधी कस्टम ड्युटी भरा. परदेशी माल आहे."

मी उगाच चिडले. "अहो, मागवतानाच सगळे पैसे भरलेत मी! आणि आत माझ्या आत्याच्या गाण्याची जुनी रेकॉर्ड आहे. आत्या साताऱ्याची, कधी मुंबईच्या पुढे गेली नाही. ती परदेशी कशी?"

"ते मला नाही माहीत. कागदावर तसं लिहिलंय."

पैसे दिले, पण पार्सल उघडवेना. हातात घेऊन नुसती घरभर फिरत राहिले. आत्या गेल्यावर माळा रिकामा करायची घाई मलाच झाली होती. तिच्या रेकॉर्ड्स भंगारवाल्यानं किलोवर नेल्या. त्यातलीच ही एक, विकणाऱ्याच्या फोटोत लेबलवर आत्याच्या हातचं अक्षर मी ओळखलं होतं. ती कुठल्या कुठे पोचली आणि तिकडे कुणीतरी ती पुसून, पाकिटात घालून जपली. घरातली वस्तू बाहेर जाताना कुणी अडवत नाही. परत येताना मात्र दारातच थांबवून विचारतात.

आत्या परदेशी कधी झाली, हे पावतीवर नव्हतं. मला तो दिवस ठाऊक आहे. भंगारवाल्याला जाता यावं म्हणून दार मीच धरून उभी होते.