बोट लागली, पण आईला नाही

परवा क्रूझवरून पुण्यात परत आलो. नारायण पेठेत रिक्षातून बॅगा उतरवतोय तोवर शेजारच्या काकूंनी गॅलरीतूनच विचारलं, काय, बोट लागली का? लागली हो... पण ते सुरुवातीपासून सांगायला हवं.

आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना समुद्राची सफर घडवायची, असं मी यंदा ठरवलं होतं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, मीही सोबत. बाबा लगेच तयार झाले. आई मात्र म्हणाली, तुम्ही दोघं जाऊन या, मी कुरडया घालते.

कारण एकच... आईला गाडी लागते. लग्नानंतर बाबा तिला महाबळेश्वरला घेऊन गेले, तर अख्खा पसरणीचा घाट तिने डोळे मिटून आणि तोंडासमोर पिशवी धरून पार केला. तेव्हापासून आमच्या घरच्या सगळ्या सहली फार तर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात.

"पण मला एकदा बघायचं होतं गं," ती मेथी निवडता निवडता म्हणाली. "किनारा कुठेच दिसत नाही, चारी बाजूंनी नुसतं पाणी... ते कसं वाटत असेल." एवढं बोलून तिने विषय बदलला. मला फार वाईट वाटलं. बाबा पेपर वाचत होते, पण बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन ट्रॅव्हलवाल्यांच्या ऑफिसात. तिथल्या ताईंनी जहाजाचा नकाशा पुढ्यात ठेवला आणि बाबा जणू फ्लॅट बुक करायला बसले. सगळ्यात वरचा मजला, पुढचा कोपरा, लिफ्टपासून लांब, बाल्कनी हवीच. शिवाय डोक्यावर कोण राहतं? ताई म्हणाल्या, काका, डोक्यावर डिस्को आहे.

बाबांच्या डोळ्यांसमोर ती बाल्कनी, त्यात खुर्ची आणि हातात चहाचा कप असं सगळं आधीच मांडून झालं होतं. ताईंनी मात्र सांगितलं की वरची आणि टोकाची केबिन सगळ्यात जास्त हलते. ज्यांना त्रास होतो त्यांनी खालचा मजला आणि जहाजाचा मध्य घ्यावा.

आता, आमच्या बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात गेली. तपासल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही पास केलेलं नाही, आंबेसुद्धा. ते म्हणाले, टेस्ट घेऊ आणि मग सांगू.

टेस्ट म्हणजे काय, तर रविवारी आईला बसमधून दिवे घाटातून सासवडला न्यायचं! आईने कपाळावर हात मारला. "अहो, मी काय बॉम्बगोळा आहे का टेस्ट करायला?"

"बॉम्बगोळा बरा," बाबा म्हणाले. "तो एकदाच तपासावा लागतो."

पहिल्या रविवारी मागची सीट... अर्ध्या घाटातच निकाल लागला. पुढच्या रविवारी चाकावरची सीट, तिथे आई पांढरीफटक. प्रत्येक वेळी बाबा शेजारी उभे, वरचा दांडा धरून, तिच्या चेहऱ्याचं निरीक्षण करत. कंडक्टरला वाटलं असेल, काकांचं काहीतरी बिनसलंय.

त्यानंतर मधली सीट, दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये. सासवडला उतरल्यावर आईने आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, भेळ खाऊ या का? बाबांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, पास.

आम्ही पुन्हा ऑफिसात. पण तोवर खालच्या मजल्यावरच्या, मधोमध असलेल्या खिडकीवाल्या केबिन संपल्या होत्या. शिल्लक होत्या त्या आतल्या, चारी बाजूंनी भिंत. मी बाबांकडे पाहिलं... ते जरा वेळ त्या वरच्या बाल्कनीवर बोट ठेवून बसले होते. मग बोट खाली आणत म्हणाले, खिडकीतून तरी काय दिसणार, पाणीच ना! हीच द्या.

मुंबई सोडली आणि दुसऱ्या सकाळी समुद्र खवळला. मी धावत त्यांच्या केबिनमध्ये गेले. बघते तर पलंगावर बाबा आडवे... हिरवट चेहरा, उशाशी आईची आवळासुपारी, लिंबू आणि पिशवी. ही सगळी सामग्री आईने स्वतःसाठी आणली होती!

आणि आई? आई वर डेकवर होती. नाश्त्याला इडली खाऊन, शाल गुंडाळून, कठड्याला धरून उभी. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी सगळं तपासलं, फक्त स्वतःला तपासायचं राहून गेलं.

दिवसभर ती अधूनमधून खाली यायची, बाबांच्या कपाळावर हात ठेवायची आणि समुद्र सांगायची. आता पाणी काळपट आहे... आता ऊन पडलंय, चमकतंय... एक मासा उडाला, खरंच उडाला हो. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, केवढा होता?

संध्याकाळी ती परत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी डोळे न उघडताच विचारलं, "किनारा दिसतोय का कुठे?"

"नाही. चारी बाजूंनी नुसतं पाणी," आई म्हणाली. "पाहिलं मी."

"मग पास," बाबा म्हणाले.

मी दाराशी उभी होते. या दोघांची मी मुलगी आहे, याचा मला तेव्हा फार फार आनंद झाला.