एका दिवसापुरता निरोप

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी अक्षरं शिकले. यंदा तिला मुलगी झाली आणि यंदाच माझ्या एका ओळीनं शेजारच्या दौलतचा धंदा बसला. त्याच्या म्हशीला इंजेक्शन दिलं होतं, त्या दिवसाचं दूध चालणार नव्हतं, म्हणून गल्लीतल्या अकरा बायकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'आज दौलतचं दूध घेऊ नका.' कुंपणावरून ओरडून सांगावं तसं. ओरडताना कोण तारीख सांगतं? चार महिने झाले, ते 'आज' अजून गावोगाव फिरतंय. आज संध्याकाळी व्यापारी त्याच्या म्हशी न्यायला येणार आहे.

दुपारी जेवून आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच उशाशी गुणाबाई कासारीण दिसते. बारा गावं पायी हिंडून बांगड्या भरायची ती. बांगडी चढवताना साबण लावून दाबायची, तसे माझा हात ओढून सांधे दाबू लागते.

"एवढ्या ताठ हातानं काय लिहिलंस, अनसाक्का?"

"टोमणे नकोत. मोजून अकरा जणींना लिहिलं."

"अकरात चंपा होती?"

होती. चंपा बचत गटांचं काम बघते, तिच्या फोनमध्ये चाळीस ग्रुप.

"मग अकरा कसल्या, तालुका म्हण."

आम्ही पिठाच्या गिरणीत बसलोय. पिठाच्या जागी दूध पडतंय, डबे घेऊन उभ्या बायका ते बघतही नाहीत.

"दहा घरांत सांगितलेली गोष्ट चुलीपाशीच मरायची," गुणाबाई म्हणते. "तीच इथं सांगितली की माझ्या आधी पुढच्या गावात. तेही गिरणी बंद असेल तर. चालू असली की कुणाला ऐकूच जायचं नाही. कुठली पेटेल, कुठली विझेल, मलाही आधी कळलं नाही कधी."

"मग तुझा उपयोग काय?" मी वैतागते. "दूध चांगलं आहे म्हणून बारा वेळा लिहिलं. एक जण पुढे पाठवत नाही."

"चांगल्या दुधाचं भय कुणाला वाटतंय?"

गिरणीला मागची भिंत नाही. तिथं दौलतचा गोठा आहे, नुसती दावी पडलेली.

"सरळ सांग, गुणाबाई. काय करू?"

"घरोघर फिरशील तर मरेपर्यंत पुरायची नाहीस. जिथून फुटलं त्या चंपाकडे जा. लिहू नकोस, दूध घेऊन जा. तुझ्यासमोर पिऊ दे तिला. तारीख घालून फोटो तिलाच पाठवू दे."

"आणि नाही थांबलं तर?"

"ते मला विचारू नकोस," ती म्हणते आणि अंगठ्याचा सांधा असा दाबते की मी ओरडते.

जागी होते. अंगठ्याच्या मुळाशी साबणाचा ओला फेस आहे.

गोठ्यात जाऊन सकाळचं उरलेलं दूध तांब्याभर मागते.

"आता कशाला, आक्का?" दौलत विचारतो.

"चंपाकडे जाते. व्यापारी आला तर मी येईपर्यंत बसवून ठेव."

गुणाबाई कासारीण नातीच्या लग्नाच्या आदल्या चैत्रात, दोन हजार सोळा साली, तापानं वारली.