कडू बोटांची शाळा

आधी एक दुरुस्ती. आमच्या भगिनी मंडळाच्या दिवाळीच्या हस्तलिखित अंकात मी सुभद्राक्कांवर एक लहानसा लेख लिहिला होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींमागे, कामकरी बायांच्या वस्तीत, अक्का दर गुरुवारी मुलांचा वर्ग घेतात. त्या वर्गाविषयी मी लिहिले होते की, "मुलांनी हात धुतले की अक्का प्रत्येकाची बोटे हुंगून पाहतात आणि मगच हातात पाटी देतात." हे चूक आहे. मी तेव्हा वर्गात नवी होते आणि पाट्यांपाशी, बरीच लांब बसत असे. मुलाचे बोट अक्कांच्या तोंडाजवळ गेलेले दिसले आणि त्या हुंगत असतील असे मीच ठरवून टाकले. अक्का बोटे हुंगत नाहीत, चाखतात. मुलाचे बोट स्वतःच्या जिभेला लावून पाहतात.

अंक पुष्कळ घरांतून फिरला. कोणी चूक दाखवली नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी तिथे गेलेच नव्हते. अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात तरी खरे तेच छापले जावे, म्हणून सुरुवात इथून केली. हुंगणे आणि चाखणे यांत अंतर किती, हे सोवळ्याच्या घरांत वाढलेल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

मी मूळची बेळगावची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, कोर्टात कारकून. माझी पहिली शाळा घरातच झाली. देवघराबाहेरच्या सोप्यावर अण्णांनी धूळपाटीवर मला अक्षरे शिकवली. अक्षर चुकले की ते रागावत नसत, नुसते हाताने पुसत आणि पुन्हा काढायला सांगत. त्याने माझे अक्षर सुधारले, पण चुकण्याची भीती मात्र मनात कायमची बसली. पुढे मुलींच्या शाळेत गेले तरी ती गेली नाही. शाळा संपल्यावर निपाणीच्या आत्याबाई आजारी पडल्या आणि त्यांच्या मदतीला म्हणून मला तिकडे पाठवण्यात आले.

तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत सुभद्राक्का दारात उभ्या राहिल्या. नऊवारीचा काठ चिखलाने भरलेला, हातात रिकामी परडी.

"वैनी, घरात जुनी चिंच आहे का?" त्यांनी दारातूनच आत्याबाईंना विचारले.

मी म्हटले, "लोणच्याला हवी का?"

"नाही गं. पोरांना धुवायला."

मी गोंधळून आत्याबाईंकडे पाहिले. त्या अंथरुणातूनच म्हणाल्या, "वखारीतल्या पोरांना धुतात त्या. घाबरू नको, तुला नाही धुवायच्या." मग अक्कांना म्हणाल्या, "ही इंदू, माझी भाची. अक्षर मोत्यासारखं आहे बघा, पण एक ओळ लिहायची म्हणजे दिवस मावळतो."

अक्का हसल्या. "मग द्या की आमच्याकडे. आमच्या पोरांना कुठं घाई आहे?"

अशी मी चिंचेबरोबर त्या वर्गात गेले.

तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांचे हात कसे होतात, हे निपाणीबाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, त्यातल्या काड्या निवडायच्या. आयांबरोबर मुलेही काड्या निवडायला बसतात. पाल्याची धूळ आणि चीक बोटांना धरतो. बोटे पिवळी पडतात, नखांच्या कडा काळवंडतात. त्याच हातांनी ती भाकरी खातात, आणि मोठ्या बहिणी त्याच हातांनी धाकट्यांना भरवतात. मग लहान मुले ओकतात, गरगरून पडतात, दिवसभर मलूल राहतात. वस्तीत त्याला "पाला लागला" म्हणत. पाऊस लागतो, ऊन लागते, तसाच पाला लागतो, अशी सगळ्यांची समजूत होती.

वर्ग सुरू झाला तेव्हाची हकिगत मला वस्तीतल्या चंद्राबाईंनी सांगितली. अक्का पहिल्यांदा आल्या त्या साबण घेऊन आल्या आणि ओट्याच्या कडेला उभ्या राहून, हात धुवा, असे सांगू लागल्या. मुले हात धुऊन आली. अक्का म्हणाल्या, अजून पिवळे आहेत, परत धुवा. तेव्हा चंद्राबाई म्हणाल्या, "आक्का, त्यो रंग मरस्तवर जायाचा न्हाय. आमची मानसं जळत्यात तीबी पिवळ्या हातानंच."

"मग वासावरून कळेल," अक्का म्हणाल्या.

बायका लई हसल्या, असे चंद्राबाई सांगतात. "वास? हितं गाडग्याला वास, लुगड्याला वास, देवाच्या टाकाला वास. कशाकशाचा घेशीला?"

"तुम्हीच चाखून बघा की मग. कडू लागतं का?"

"आमची जीभ मेलीया, आक्का. आमास्नी कडू काय, गोड काय." आणि चंद्राबाईंनी पुढे टोमणा मारला, "जिती जीभ तुमची हाय. पर तुमी काय आमच्या पोराचं बोट तोंडात घालनार व्हय?"

चंद्राबाईंच्या कडेवर त्यांची गौरा होती. अक्का पुढे झाल्या. गौराचे बोट धरले, जिभेला लावले, आणि तोंड वाकडे करून म्हणाल्या, "कडूजहर आहे गं बाई. परत धू." चंद्राबाई म्हणतात, "आमी सगळ्या हसायचं इसरलो. गौरी तेवडी हसाय लागली, आक्कांचं तोंड बगून."

त्या दिवसापासून वर्गाचा क्रम ठरून गेला. वखारी बंद असतात तो बाजारचा गुरुवार. विहिरीजवळच्या दगडावर आधी चिंचेचा कोळ, मग राख, मग साबण, मग अक्कांची जीभ. बोट कडू लागले नाही, तर त्याच बोटावर गुळाचा खडा आणि दुसऱ्या हातात पाटी. कडू लागले तर पुन्हा दगडावर. पाटीच्या एका अंगाला मी मराठी अक्षर काढून देत असे, दुसऱ्या अंगाला अक्का कानडी काढीत, कारण वस्तीत दोन्ही बोलणारी घरे होती आणि मुले खेळताना दोन्हींत भांडत. मी एकेक अक्षर पुसून पुन्हा काढत बसले की अक्का लांबूनच ओरडत, "इंदू, अगं तुझा 'अ' होईस्तोवर ह्यांची लग्नं होतील!" मुले खिदळत, आणि माझा हात मात्र त्यानंतर जरा मोकळा चाले. माझी भीती कोणी हसवत हसवत कमी केली असेल, तर ती अक्कांनी.

घरी अक्कांना हे सोपे गेले नाही. त्यांच्या सासूबाई कडक. वर्गावरून आल्यावर अक्कांचे पान पडवीत मांडले जाई आणि त्यांचा तांब्या वेगळा असे. अक्का त्याविषयी तक्रार करीत नसत, आणि गुरुवारही चुकवीत नसत. एकदा मी पाट्या ठेवायला त्यांच्या घरी गेले असता सासूबाईंनी मला ओसरीवर थांबवून विचारले, "काय गं, खरंच तोंडात घालते का ती?" मला खोटे बोलता येईना आणि खरेही सांगवेना. मी म्हटले, "जिभेला लावतात." म्हातारीने नाक मुरडले. मग म्हणाली, "राखेनं काय निघतंय कर्माचं! कोळात ताक घाल म्हणावं. नुसत्या चिंचेनं कडू सोडत नाही." पुढच्या गुरुवारी अक्कांच्या परडीत ताकाचे मडके होते. पान मात्र पडवीतच राहिले, सासूबाई गेल्या तोपर्यंत. अक्का आजही ताकाचे मडके उचलताना "सासूबाईंचं औषध" असे म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात मी कधी कडवटपणा ऐकला नाही.

त्या गुरुवारांची आठवण मला बेळगावात फार येते. आई आजारी पडल्यामुळे मी परत आले आणि इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवू लागले. इथल्या मुली स्वच्छ, वेण्या घातलेल्या, पाट्या कोऱ्या. तरी बाजारच्या दिवशी मन निपाणीला जाते. ओल्या दगडाचा आणि ताकाचा वास येतो. रांगेतली मुले एकमेकांना ढकलतात, "रांगेत ऱ्हा रं, मागनं घुसू नगं!" अक्का ओठ मिटून डोळे बारीक करतात आणि निकाल कळेपर्यंत सगळी रांग श्वास धरते. "गोड!" असे अक्का म्हणाल्या की ते मूल परीक्षा पास झाल्यासारखे उडी मारते. गौरा आता स्वतः धाकट्यांना हात चोळून देते, आणि त्या वस्तीत "पाला लागला" हे शब्द मी निपाणी सोडली तोवर कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

यंदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून मी निपाणीला गेले. वर्ग चालू होता. अक्कांनी एका मुलाचे बोट चाखले आणि "गोड" म्हणून त्यावर गूळ ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या गौराने त्या मुलाची नखे पाहिली आणि हळूच म्हणाली, "आक्का, ह्यानं अजून ताक लावल्यालंच न्हाय."

अक्कांनी बोट पुन्हा चाखले. मग दुसऱ्या, न धुतलेल्या मुलाचे चाखले. मग उठून, वखारीच्या दाराशी सांडलेली पाल्याची चिमूट उचलून जिभेवर ठेवली. आम्ही सगळे पाहत होतो. अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "चंद्रा, तुझ्यासारखी झाली गं माझी पण. मेली."

चंद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "इतकी वर्सं आमचं कडू चाटलासा, आक्का. आनि काय व्हनार?"

"रडतेस काय? वस्तीतली झाले म्हणून पेढे वाट," अक्का म्हणाल्या. पण त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. त्यानंतर गूळ कोणालाच वाटला गेला नाही. खरा धुतलेला हात कोणता, हे सांगणारे वस्तीत कोणी उरले नव्हते. निघताना अक्का मला मोटारीपर्यंत पोचवायला आल्या. वाटेत एवढेच म्हणाल्या, "वखारी आता भरतील. कामाचे दिवस आले. एक ताजी जीभ पाहिजे." माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. कोणाला संकोच वाटेल असे त्यांनी आजवर कधी मागितलेले नाही, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणे अवघड जाते.

मी परत आले आणि हा लेख लिहायला बसले. प्रत्येक ओळीशी अडले. मला चव नीट ओळखता येईल का? माझ्या चुकीने एखाद्या कडू हाताने धाकट्याला भरवले गेले तर? आणि घरात काय म्हणतील? शेवटी लेख इथपर्यंत लिहून अण्णांना वाचून दाखवला, कारण त्यांना न विचारता छापणे मला बरे वाटेना. अण्णांनी पूर्ण ऐकला. माझ्या लहानपणी पाटी पुसत तसा त्यांचा हात मांडीवर फिरत होता.

मी विचारले, "काही पुसायचं आहे का, अण्णा?"

"नाही," ते म्हणाले. मग विचारले, "निपाणीची पहिली मोटार किती वाजता सुटते?"

आई आतून म्हणाली, "परत येशील तेव्हा न्हाणीत पाणी तापवून ठेवीन. आधी अंघोळ, मग जेवण." आणि पुढे, "पान आतच मांडीन."

सुभद्राक्कांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी काय काय केले हे या ग्रंथात मोठी माणसे लिहितीलच. देवाने त्यांना शंभरी द्यावी, गुडघे धड ठेवावेत, आणि जिभेची चव परत द्यावी, एवढेच मी मागते. चव परत आली तर ती मुलांच्या बोटांवर खर्च न होता पुरणपोळीवर, आंब्यावर, नातवंडांच्या हातच्या घासावर व्हावी. पुष्कळ वर्षे त्यांनी दगडाशेजारच्या पाटावर नुसते बसावे, रांगेतल्यांना दटावावे आणि माझ्या अक्षरांना हसावे.

शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मला गुरुवारची रजा दिली आहे. पहिली मोटार पकडून मी निपाणीला येत आहे. अक्का, ताक आदल्या दिवशीच करून ठेवा. माघी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या गुरुवारी रांगेतले पहिले बोट मी चाखीन.