तेरा पॉइंट दोन

तयार वस्तू विकत आणणं माझ्या दादाला आयुष्यात कधी जमलं नाही. परळच्या एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिक खात्यात जन्म काढून तो निवृत्त झाला. दुकानातली कुठलीही पेटी म्हणजे आपल्याला गंडवायला कुणीतरी मुद्दाम बनवलेली, असं त्याचं ठाम मत. त्यामुळे गाडीला लिथियमची बॅटरी लावायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, "दादा, ही एक तरी तयार आण." तो माझ्याकडे बघून नुसता हसला. लहानपणी मी सायकलवरून पडले की असाच हसायचा. मला तेव्हाही राग यायचा आणि आताही आला.

गाडी होती आईसाठी. आईची फुप्फुसं दमली आहेत. हवेतून ऑक्सिजन काढणारं एक मशीन तिच्या खाटेशेजारी दिवसभर घरघरत असतं आणि त्याची नळी तिच्या नाकाशी. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीतून ती दीड-दोन वर्षं हललेली नव्हती. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, मालवणजवळच्या गावात अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज सकाळी फोनवर बोलतात. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं अख्ख्या मजल्याला पाठ असतं. फोन ठेवला की आई म्हणायची, "माका तिका एकदा बघूचा आसा." एवढंच. हट्ट नाही, रडणं नाही.

रेल्वेत बारा तास मशीन कशावर चालवायचं, म्हणून दादाने शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. सीटा काढल्या, आईच्या मापाची खाट ठोकली, पंखा लावला, मशीनला कोपरा केला. ज्या चाळीत गॅलरीत मोरी काढायला जागा नाही, तिथे आमच्या बंधुराजांनी रस्त्यावर चाकांचं घर उभं केलं. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

आधी घरच्या इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या आत ठेवल्या होत्या. त्या उचलताना दादाची कंबर धरली, त्यांचा आंबूस वास बंद गाडीत कोंडायचा आणि आम्हालाच ढास लागायची, मग आईचं काय. शिवाय दोन तासांत मान टाकायच्या. पण एक सांगायला हवं, त्या जायच्या आधी सांगून जायच्या. पंखा मंद व्हायचा, दिवा लालसर पडायचा, आणि आपण समजायचो की आता आवरतं घ्या.

मग आले लिथियमचे चार सेल. निळे, विटांएवढे. दादाने ते जेवायच्या टेबलावर मांडले, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडले, वर एक संरक्षणाचं सर्किट बसवलं आणि प्लायची सुबक पेटी केली. व्होल्टचा मीटर लावला. तेरा पॉइंट दोन.

"बघ," तो म्हणाला, "जुनी बॅटरी बारा-सातला फुल. ही तेरा-दोन. काठोकाठ!"

एक दुपारभर त्याने तिच्यावर पंखा आणि दिवा चालवला. मीटर तेरा-दोन. "अगं, हलतच नाही! गावाला जाऊन परत येईल."

"पण चार्जरला लावलीस का पूर्ण?"

"आणखी काय भरू? उतू जाईल."

मी गप्प बसले. ऑफिसात फायली हाताळणाऱ्या बाईने चाळीस वर्षं वायरी हाताळणाऱ्याला काय शिकवायचं? नंतर कळलं ते असं: ही बॅटरी भरलेली असो की पाव उरलेली, आकडा जवळजवळ तोच दाखवते. आणि हे सेल कारखान्यातून अर्धवट भरूनच येतात. दादा जुन्या बॅटरीच्या डोळ्यांनी नवी बॅटरी बघत होता. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण मी विचारून गप्प बसले, हे माझं मला अजून टोचतं.

सोमवारपासून गल्लीत गणपतीच्या मांडवाचे बांबू पडणार होते. एकदा बांबू पडले की विसर्जनापर्यंत गाडी आत नाही आणि बाहेर नाही. म्हणून शनिवार ठरला. सकाळी सहाला आई नवं लुगडं नेसून, नळी लावून, व्हॅनमधल्या खाटेवर बसली. पेटी चालू, मशीन चालू. आईचा चेहरा असा की जणू माहेरची पालखी दाराशी आली आहे. तिला इतकं आनंदात मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आणि मग पुडकी यायला लागली.

आमच्या चाळीत गावाला जाणारा माणूस एकटा जात नाही, मजल्याचं सामान घेऊन जातो. "ह्यां एवढा माझ्या भावाक दी." कुणाच्या आईच्या प्रेशरच्या गोळ्या, कुणाच्या पुतणीची पुस्तकं, गणपतीची आरास, एका काकींचा खोक्यातला सीलिंग फॅन. गावात फॅन मिळत नाहीत का, असं मी विचारलं तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी देवाला नैवेद्य नाकारला. नाही म्हणायची सोय नसते. आजपर्यंत आमचंही सामान असंच दुसऱ्यांच्या हातून गेलेलं. प्रत्येक जण आत डोकावायचा, आईच्या पाया पडायचा, मावशीला निरोप सांगायचा. दादाने नारळ वाढवला. तोवर नऊ वाजून गेले होते. आई तीन तास बॅटरीवर होती.

"दादा, बॅटरी?"

"तेरा-दोन," दादा खुशीत म्हणाला आणि गाडी काढली.

परळच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो आणि पंखा, दिवा, मशीन सगळं एका क्षणी बंद झालं. मंद होणं नाही, लाल पडणं नाही. मशीनचा भोंगा तेवढा किंचाळायला लागला. दादा उडी मारून मागे आला आणि त्याने पेटीला मीटर लावला. आकडा पार खाली. त्याने तारा पुन्हा टेकवल्या, पुन्हा टेकवल्या.

"मीटर काय बघतोस? आईकडे बघ!" मी ओरडले.

छोटा सिलिंडर आम्ही आणला होता. तो होता खाटेखाली, आणि खाटेपुढे फॅनचं खोकं, त्यावर आरास, त्यावर पुस्तकं. मी एकेक ओढत होते आणि मागचे हॉर्न वाजवत होते. आईच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर आकडे उतरत होते. नव्वद. शहाऐंशी. एक्याऐंशी. तिचे ओठ जांभळे पडत होते आणि ती मला म्हणत होती, "मी बरी आसय गो. हळू." मला इतकं लाचार कधीच वाटलं नाही. हात होते, डोळे होते, भाऊ शेजारी होता, आणि काही म्हणजे काही करता येत नव्हतं.

सिलिंडर एकदाचा निघाला. पण त्याचा भरवसा तासाभराचा, आणि त्या गर्दीत गाडी चाळीकडे वळेना. पुलाला लागून एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्या माणसाने काही न विचारता आपल्या यंत्राची पिन काढली आणि आम्हाला प्लग दिला. मशीन आत नेलं, पण नळी गाडीपर्यंत पुरेना, म्हणून आईलाच उचलून आत प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. नव्या लुगड्यातली माझी आई आधार कार्डांच्या कॉप्यांमध्ये बसून श्वास घेत होती. चाळीपासून चालत पंधरा मिनिटांवर आमचा कोकणप्रवास संपला.

संध्याकाळी मी पुडकी परत करायला दारोदार फिरले. कुणी एका शब्दाने बोललं नाही. फॅनवाल्या काकींनी खोकं घेतलं आणि माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं की आता प्रवासाचं नाव काढू नका, कुठल्याही गाडीने नाही. आईला हे आम्ही सांगितलं नाही. कोण सांगणार? दादाने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

त्याच आठवड्यात दादाने आयुष्यात पहिल्यांदा तयार वस्तू विकत आणली. लिथियमचीच बॅटरी. तिच्यावर एक छोटा पडदा आहे, किती भरलं आणि किती खर्च झालं याचा हिशेब ठेवून ती टक्के दाखवते. कशासाठी आणलीस, असं मी विचारलं नाही. गाडी वडाळ्याला कुणाच्या तरी आवारात उभी आहे. बॅटरी आईच्या खाटेखाली. पहिल्याच दिवशी तिचे शंभर टक्के झाले, आणि ती तशीच शंभरावर बसून आहे.

आईला तो पडदा दिसत नाही. ती रोज सकाळी विचारते, "किती झाला रे?" आणि दादा वाकून, नीट बघितल्यासारखं करून सांगतो, "पंचेचाळीस." दुसऱ्या दिवशी "पन्नास." कधी मध्येच घसरवून "अठ्ठेचाळीस." ज्याने जन्मभर आकड्यावर देवासारखा विश्वास ठेवला, तो आता रोज खोटा आकडा वाचतो. मग फोन लागतो आणि आई ओरडून मावशीला सांगते, "येतय गो! बॅटरी चार्ज होताहा!"

काल दादाच्या तोंडून चुकून "नव्वद" निघून गेलं. मी हातातला चहा तसाच धरून आईकडे बघत होते.

आईने नाकाची नळी सारखी केली.

"घाई करू नको रे," ती म्हणाली. "माझी वाट बघता म्हणान तुझी मावशी जीव धरून आसा."

दादा पुन्हा खाली वाकला आणि बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. "चुकलंच बघ आई," तो म्हणाला. "साठच आहेत."