नऊ नंबरचा डबा

वस्तू हरवणं हा प्रकार आमच्या स्टोअरकीपर आबांच्या राज्यात नव्हताच. ब्याऐंशीच्या सुमारास आकुर्डीच्या आमच्या कारखान्यात युनिक्सवाला कॉम्प्युटर आला, सुट्या भागांच्या याद्या त्यावर चढवायचं ठरलं, आणि दिघीच्या शेतकरी घरातले, जेमतेम मॅट्रिक झालेले आबा आम्हा पदवीधरांच्या शेजारी येऊन बसले. महिन्याभरात मी पुस्तक मिटून त्यांनाच विचारू लागलो. अर्थात कुणी बघत नसताना. त्यांच्या लेखी फाइल म्हणजे नंबर टाकलेला डबा, आणि डिरेक्टरी म्हणजे कुठल्या नावाचा कुठला नंबर हे सांगणारी यादी. घरीही तोच कारभार. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नुसते नंबर, नावं भिंतीवरच्या यादीत. ज्या नंबराला एकही नाव उरलं नाही तो डबा रिकामा करायचा, हा कायदा. आबांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा वैतागून ‘तंबाखू, नऊ’ खोडलं आणि डबा ओतायला निघाल्या, तर आबांनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात होतं, ‘जुना ओवा, नऊ’. डबा वाचला.

यंत्राला काहीही सांगण्याआधी आबा आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत ते त्यालाच विचारून घेत. ही सवय इतकी मुरली होती, की रोजच्या बसस्टॉपवरही शेजारच्याला विचारत, हा आकुर्डीचाच ना? शिवाय शिफ्ट सुटताना प्रत्येक नव्या फाइलीला स्वतःच्या डिरेक्टरीत दुसरं नाव देत. “आबा, एकेकाची बारशी किती घालणार?” असं मी सगळ्यांदेखत विचारायचो आणि वर स्वतःच हसायचो.

एका शुक्रवारी, आपण कच्च्या कामाच्या डिरेक्टरीत आहोत अशा थाटात, मी यंत्राला सगळं पुसून टाकायला सांगितलं. होतो मी पक्क्या याद्यांच्या डिरेक्टरीत. तिघांचं दोन महिन्यांचं काम नाहीसं झालं. चार वाजता मोठे साहेब तेच बघायला येणार होते, आणि मला कायम करण्याचं पत्र त्यांच्याच सहीसाठी थांबलं होतं. आबांकडे गेलो तेव्हासुद्धा आधी मी वीज गेल्याचं सांगून पाहिलं. त्यांनी तंबाखू मळत वर बघितलं.

“पंखा तर फिरतोय. कुठं उभा हायेस ते इचारलं व्हतंस का?”

“नाही, आबा.”

“मंग तू निस्तं नाव खोडलंस. डबा हाय जागेवर. त्याचं दुसरं नाव माज्याकडं हाय.”

मग एकेक नाव त्यांनी माझ्याच हातून परत चढवून घेतलं. चारला पाच कमी असताना शेवटचं चढलं. याद्या नीटनेटक्या ठेवल्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली. आबा शेजारीच उभे होते.

पुढे आबा निवृत्त झाले, कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि एक दिवस आबाही गेले. मध्यंतरी काकूंना भेटायला दिघीला गेलो होतो. चहा टाकताना त्यांनी सवयीनं यादी बघून साखरेचा डबा काढला. यादी पिवळी पडली होती. एकटीच्या संसाराला काय लागतं, म्हणत काकूंनी बरीचशी नावं खोडली होती. तळाचं ‘जुना ओवा’ मात्र तसंच होतं, आणि नऊ नंबरचा डबाही जागेवर.