लेकीच्या घरचं पाणी

माणिकमामा कुणाच्याही घरी गेले तरी पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरत आणि मगच तोंडाला लावत. घरधनीण मनातून खट्टू होई, पण मामांचाही इलाज नव्हता. सेलूजवळच्या सरकीच्या तेलगिरणीत मी कचेरीत होतो आणि मामा सांडपाण्याच्या हौदावर. तळातून बारीक हवा सोडली की हौद दुधासारखा पांढरा होई, बुडबुड्यांना चिकटून तेल वर येई आणि मामा तो थर फळीनं ओढून काढत. खालचं नितळ पाणी ओढ्याला जाई.

यंत्र बिघडून मोठे बुडबुडे येऊ लागले की ते चिडत. "बारीक बुडबुडाच वजन उचलतो. मोठा नुस्ता बोभाटा करतो," म्हणत. मॅनेजर जवळून जात असले तर जरा मोठ्यानंच म्हणत.

त्याच ओढ्याकाठच्या गावात त्यांनी वंदनाला, एकुलत्या एक लेकीला, दिलं होतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा रिवाज मामांनी कडक पाळला. भर उन्हात भेटून कोरड्या घशानं परत येत. अशी बरीच वर्षं गेली.

शेवटी नातू झाला. मामा नवं धोतर नेसून गेले. वंदनानं विहिरीचं पाणी पुढं केलं. सवयीनं पेला उजेडाकडे गेला, तर वर तेलाचा तवंग आणि सरकीचा वास. तो वास कुठला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"लय दिवसाचं हाय, बाबा," वंदना म्हणाली. "तुमची नोकरी तिथं, म्हनून बोलले न्हाई."

मामांनी पेला रिकामा केला.

दुसऱ्या पाळीच्या माणसाला खोदून विचारल्यावर उलगडा झाला. मामा घरी गेले की मॅनेजरच्या हुकमानं, वीज वाचवायला, दुसऱ्या पाळीतले लोक हवा बंद करत आणि पाणी तसंच ओढ्यात सोडत. मामा मॅनेजरसमोर उभे राहिले तेव्हा मी तिथंच होतो. त्यांचा आवाज चढला नाही. "माझं नितळ पाणी तुमी नुस्तं दाखवायला ठिवलं होतं का?" एवढंच त्यांनी विचारलं. बघू, असं उत्तर मिळालं.

त्यानंतर पाळी संपली तरी मामा यंत्रापाशी बसून राहत. जेवणाचा डबाही तिथंच मागवत. त्याच हिवाळ्यात तिथल्या बाकावर त्यांचं हृदय बंद पडलं. हवा तेवढी चालू होती. आता तिथं कुणी बसत नाही.

महिन्याभरानं मी वंदनाला भेटायला गेलो. तिनं पाणी आणलं आणि माझा हात आपोआप उजेडाकडे गेला. तवंग होताच.

"बाबा बी असंच बघत बसले होते, काका," ती म्हणाली. "मंग डोळे मिटून सगळं प्याले."

मला ते जमलं नाही. मी पेला खाली ठेवला. तिनं तो उचलून नेला.