बॅटरी काढलेला पट्टा

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर बायकोची टिंगलच करत आलोय. तिचा अशा गोष्टींवर विश्वास, माझा अजिबात नाही. मी आष्ट्याचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. आवाज येतोय म्हणजे कुठेतरी करंट आहे — एवढंच माझं अध्यात्म. तरी लिहितोय, कारण तीच म्हणाली, "एकदा लिहून टाका, मनातून जाईल." जाईल असं वाटत नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कवठे महांकाळच्या पुढे वनखात्याचा राखीव माळ आहे... कुसळी गवत, मुरूम, मधेच एखादी बाभूळ. तिथल्या लांडग्यांचा अभ्यास चालला होता आणि यंत्रं सांभाळायला मला घेतलं होतं. लांडग्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यावर ट्रान्समीटरची डबी, प्रत्येक डबीची फ्रिक्वेन्सी वेगळी. आपण रिसीव्हरला जोडलेली अँटेना फिरवायची. ज्या दिशेला 'टिक... टिक...' मोठं, त्या दिशेला जनावर. डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. जनावर जिवंत असलं की ठोके संथ. बराच वेळ हललंच नाही, तर ठोके दुप्पट वेगाने पडतात. म्हणजे बहुधा मेलं. एका लांडगीला अभ्यास करणाऱ्या आमच्या सरांनी भूल दिली आणि पट्टा मी बांधला.

तिथेच मी फसलो. माळाच्या कडेला तानूबाईंची वस्ती होती. नवरा मोठा कळप घेऊन कोकणात उतरलेला, आणि या बाई कोकरं, म्हाताऱ्या मेंढ्या अन् एक शेळी सांभाळत मागे राहिलेल्या. त्यांचा कायदा सरळ होता. गळ्यात पट्टा म्हणजे जनावर पाळीव, आणि ज्यानं बांधला तो मालक. लांडगीने त्यांचं एक कोकरू उचललं, तशा त्या थेट माझ्यापुढे उभ्या.

"आवं साहेब, तुमची लांडगी बांधून ठिवा की."

"मावशी, ती माझी नाही."

"मग पट्टा कुनी बांधला?"

"मीच. पण—"

"मग झालं की."

पुढे भेट झाली की त्या चहा द्यायच्या आणि चहाबरोबर माझ्या लांडगीच्या तक्रारी.

संक्रांत नुकतीच झाली होती. एका सकाळी रिसीव्हरवर ठोके दुप्पट वेगाने येऊ लागले. मी आणि वनखात्याचे गार्ड सुतार शोधत गेलो, तर लांडगी डांबरी रस्त्याच्या कडेला पडलेली. ट्रकने उडवली असावी. सुतारांनी नुसतं तिच्या पोटाकडे बोट दाखवलं. आचळं दुधाने तटतटलेली होती. म्हणजे माळात कुठेतरी पिल्लं होती. आम्हाला माहीत असलेली गुहा रिकामी निघाली. तिने पिल्लं हलवली होती आणि कुठे, ते फक्त तिला ठाऊक. सर पुण्याला गेलेले. दोन दिवस आम्ही घळी-ओढे पालथे घातले. दुधाशिवाय पिल्लं किती तग धरणार, या विचाराने जेवण जाईना.

धडकेने डबीला तडा गेला होता. मी खोलीवर ती उघडली, बॅटरी काढून खणात टाकली, पट्टा टेबलावर ठेवला. हे मी माझ्या हाताने केलंय.

तिसऱ्या सकाळी दुसऱ्या एका लांडग्याचा सिग्नल बघायला रिसीव्हर लावला. चॅनेल फिरवताना मधेच तिच्या फ्रिक्वेन्सीवर थांबलो, आणि... ठोके. संथ, जिवंत जनावराचे.

आधी खोलीत जाऊन पट्टा पाहिला, टेबलावर तसाच होता, बॅटरी खणात. मग रिसीव्हरची वायर तपासली, सेल बदलले. त्या फ्रिक्वेन्सीचा दुसरा पट्टा आमच्याकडे नव्हताच. शेवटी सुतारांना घेऊन आवाजाच्या दिशेने निघालो. वाट तानूबाईंच्या वस्तीवरूनच जात होती.

"लांडगी मेली म्हनत हुता न्हवं? मग ह्ये काय वाजतंय?"

"मशीन बिघडलंय, मावशी."

"बिघडलंय, तर त्येच्या मागं मागं का निघालाय?"

मी अँटेना उचलून चालू लागलो. त्याही आमच्याबरोबर आल्या.

ओढ्याच्या काठाला एका खडकाखाली बीळ होतं. ठोके तिथे सगळ्यात मोठे. सुतार पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एकामागून एक दोन पिल्लं बाहेर काढली. माना टाकलेली, पण धुगधुगी होती. तानूबाईंनी ती घोंगडीत गुंडाळली आणि वस्तीवर जाऊन शेळीचं दूध आणि पहार घेऊन आल्या. चिंधी दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडात पिळू लागल्या. मी म्हणालो, "यांच्याच आईने तुमचं कोकरू नेलं."

"तिनं न्हेलं. ह्यास्नी काय म्हाईत?"

रिसीव्हर दगडावर ठेवलेला. ठोके चालूच होते. मी अँटेना फिरवली, तोंड बिळाकडे आलं की आवाज वाढायचा.

"आजून हाय आत," तानूबाई म्हणाल्या. "उकरा. पट्टा तुमी बांधला, तुमालाच सांगतीया ती."

माझा विश्वास बसला म्हणून नव्हे, तर नुसतं उभं राहवेना म्हणून मी पहार घेतली. मुरूम दगडासारखा. सुतार माती ओढत होते, मी खणत होतो, मागे टिक... टिक... हाताला फोड आले.

मग ठोके थांबले.

आम्ही खणत राहिलो. आणखी हातभर माती काढली तेव्हा तिसरं पिल्लू हाताला लागलं. अंग अजून गरम होतं. तानूबाईंनी त्याच्या छातीवर बराच वेळ हात ठेवला, आणि मग घोंगडीचं टोक त्याच्या तोंडावर ओढलं.

रिसीव्हर बिघडलेला नव्हता. तिथेच चॅनेल बदलून पाहिलं, दुसऱ्या लांडग्याचे ठोके स्वच्छ येत होते. लांडगीचे मात्र त्यानंतर कधीच आले नाहीत. दोन पिल्लं जगली, वनखात्याने नेली.

धंद्यातल्या मित्रांना मी हे सांगितलंय. कुणी म्हणतं दुसरा कुठला तरी ट्रान्समीटर असेल, कुणी म्हणतं रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी सरकली असेल. असेलही, मीही मान डोलावतो. पण ते सगळे ठोके का आले ते सांगतात. ते नेमके तेव्हाच का थांबले, हे विचारलं की समोरचा विषय बदलतो. आणि मला तर माझ्या आणि त्या पिल्लाच्या मधल्या हातभर मातीपलीकडे काही सुचतच नाही.